विकिपीडियावर आपल्याकडच्या वादग्रस्त बियाणे कंपनीबद्दल लिहायचं कसं? टाकलेलं तासाभरात उडवायलेत

दुधनाकाठ, परतूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, वेळ असंल तर वाचा.

मी मागच्या दिवाळीपासून मराठी विकिपीडियावर थोडं थोडं लिहायलोय. सुरुवात गावच्या पानापासून केली, मग दुधना नदी, मग आठवडी बाजार, असं करत करत जालन्याच्या बियाणे उद्योगावर येऊन पोचलो. 'जालना सोने का पालना' म्हणतात ना, त्या पाळण्यात आता सोन्यापेक्षा बियाणंच जास्त आहे. तर तिथं एका बियाणे कंपनीचं पान दिसलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की इथं त्याच्यावरूनच भांडण होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

पान कसलं, कंपनीचं माहितीपत्रकच आहे ते. 'मराठवाड्यातील अग्रगण्य व शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरलेली', 'संशोधनाचा ध्यास घेतलेले संस्थापक', मग वाणांची यादी, पुरस्कारांची यादी, आणि खाली संदर्भ म्हणून कंपनीचीच वेबसाइट आणि संस्थापकांच्या वाढदिवसाची पेपरातली एक पुरवणी. बस.

आता २०२० च्या खरिपात काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. सोयाबीन उगवलंच नाही. गावोगाव तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आमच्या दादांनी म्हणजे वडिलांनी ह्याच कंपनीच्या तीन बॅगा तीन एकरात टाकल्या होत्या, तासात मोजून मापून पाच-सहा रोपं दिसायली, बाकी सगळी काळी माती. कृषी खात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली, आम्ही मोडून दुबार पेरलं, आणि पुढं भरपाई म्हणून एक रुपया आला नाही.

मी त्या पानावर 'वाद' असा विभाग काढला आणि लिहिलं की ह्या कंपनीनं २०२० मध्ये हजारो शेतकऱ्यांना बोगस बियाणं विकून फसवलं. तासाभरात उडालं. परत टाकलं, परत उडालं. तिसऱ्यांदा टाकलं तर प्रचालकांचा, म्हणजे तिथं देखरेख करणाऱ्यांचा, निरोप आला की संदर्भ नाही, तटस्थ नाही, मूळ संशोधन (कुठं न छापलेलं, स्वतःच काढलेलं) आहे. आणि उडवणारं खातं कसलं आहे माहितीय का, त्यानं आयुष्यात त्या एका पानाशिवाय कुठंच हात लावलेला नाही!! त्याला कोणी काही म्हणंना, आणि मला मात्र नियम दाखवायलेत.

माझं म्हणणं एवढंच, पुरस्कार लिहिलेले चालतात तर पंचनामे कामून चालत नाहीत? वादग्रस्त कंपनीचं पान लिहायचं तरी कसं? जाणकारांनी सांगावं.

---

जुनी_वही, छत्रपती संभाजीनगर

भाऊ, तुमचा राग कळतो. मी बरीच वर्षं तिथं संपादनं करतोय, आमच्या शहराच्या नावावरून चर्चा पानावर (लेखामागं संपादकांच्या बोलण्यासाठी असतं ते) जे रणकंदन झालं ते सगळं बघितलंय, त्याच्यापुढं तुमचं प्रकरण म्हणजे चहाच्या टपरीवरची बाचाबाची आहे. म्हणून जरा स्पष्ट बोलतो, रागावू नका.

तुमचं वाक्य एकदा परक्या माणसासारखं वाचून बघा. 'हजारो' कोणी मोजले? 'बोगस' म्हणजे काय, बॅगेवर एक आणि आत दुसरंच, का बियाणं खरंच पण उगवणक्षमता कमी? सोयाबीनला बॅगेच्या टॅगवर किमान ७० टक्के उगवण लागते, त्याच्या खाली नमुना गेला तर तो नापास, पण नापास आणि बोगस ह्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आणि 'फसवलं' म्हणजे माहीत असून मुद्दाम केलं. हे सिद्ध व्हायचं असतं कोर्टात, आपल्या कळफलकावर नाही. एका ओळीत तीन निकाल देऊन टाकलेत तुम्ही. प्रचालकानं उडवलं नसतं तर मी उडवलं असतं.

पण अर्धंच झालं हे. तुमच्या 'बोगस'मध्ये जो दोष आहे तोच त्यांच्या 'अग्रगण्य'मध्ये आहे. अग्रगण्य कोणी ठरवलं? 'शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरलेली' हे मोजलं कोणी? तुम्ही तीन वेळा स्वतःचं वाक्य चिकटवण्यात ताकद घालवली, त्याऐवजी ते 'अग्रगण्य' काढलं असतं आणि ध्यासबिसच्या पुढं 'संदर्भ हवा' साचा, म्हणजे तशी खूण, लावला असता तर कोणाच्या बापाला तुमच्याकडं बोट दाखवता आलं नसतं. वादग्रस्त कंपनीच्या पानावर पहिलं काम विशेषणं खुरपून काढायचं असतं, दोन्ही बाजूंची. तण गेलं की मग दिसतं की पीक आहे तरी किती. बऱ्याचदा लेख चार ओळींचा उरतो, उरू द्या.

आता त्या एकपानी खात्याबद्दल. संशय रास्त आहे. हे प्रकार जुने आहेत, २००७ मध्ये विकिस्कॅनर नावाचं एक साधन आलं होतं, ते संपादनाचा अंकपत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) कोणत्या संस्थेचा आहे ते दाखवायचं, त्यात डीबोल्ड ह्या मतदान यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या अंकपत्त्यावरून त्या यंत्रांवरच्या टीकेचे परिच्छेदच्या परिच्छेद उडवलेले सापडले. २०१५ मध्ये तर इंग्रजी विकिपीडियावर ३८१ खाती एका झटक्यात बंद केली, ती टोळी छोट्या धंदेवाल्यांना गाठून म्हणायची तुमचा नाकारलेला लेख आम्ही चढवून देतो, आणि चढला की तो टिकवायचे महिन्याला पैसे. म्हणजे वसुलीच की. २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे की पैसे घेऊन लिहीत असाल तर ते उघड सांगा. पण 'तू कंपनीचा माणूस आहेस' असं पुराव्याशिवाय म्हणायचं नाही, चर्चा पानावर सरळ विचारायचं की आपला ह्या कंपनीशी काही संबंध आहे का, असल्यास सदस्य पानावर नोंदवावा. उत्तर नाही आलं तरी प्रश्न पानाच्या इतिहासात राहतो.

आणि आता कडू गोळी. तुमच्या दादांच्या तीन बॅगा त्याच कंपनीच्या. म्हणजे हितसंबंध तुमचाही आहे. त्यांचा पगाराचा असंल, तुमचा नुकसानीचा. तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी, पण ज्याचा बांध त्यानं मोजणी करायची नसते, हे आपल्याकडं लहान पोराला पण कळतं.

---

मोंढा_नाका, लातूर

माझं कृषी सेवा केंद्र आहे, ही कंपनी पण विकतो, दुसऱ्या चार पण विकतो, आधीच सांगून ठेवतो म्हणजे वरचे साहेब मला पण साचा लावायचे नाहीत 😄

सोयाबीन न उगवलं की सगळ्यात आधी शेतकरी आमच्या काउंटरवर येतो, कंपनी तिकडं लांब. त्यामुळं मला ह्यातलं दोन पैशाचं कळतं. सोयाबीनचं टरफल लई नाजूक राव, बॅग वरून आपटली तरी उगवण पडते. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं दरसाली विद्यापीठ ओरडतं, पण पहिल्या वळवात बाजूच्यानं तिफण धरली की आपलं पण मन राहत नाही. तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं की वरची माती धरून बसते, मोड वर येतच नाही. ट्रॅक्टरवाला एका दिवसात वीस एकर मारायच्या नादात किती खोल टाकतो हे कोण बघायलंय. मग उगवलं नाही की बियाणं बोगस. आणि त्या साली मागल्या हंगामात काढणीच्या टायमाला पाऊस होऊन सोयाबीन भिजलं होतं, बीजोत्पादनाच्या प्लॉटला काय वेगळा पाऊस पडतो का. एका कंपनीचं नाही, सरकारी महामंडळापासून सगळ्यांच्या तक्रारी होत्या तेव्हा.

कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. काही लॉट खराबच होते, मी स्वतः परत पाठवलेत. पण तुम्ही विकिपीडियावर कायमचं लिहून ठेवणार की ही कंपनी फसवी, आणि ते पान उद्या गुगलवर पहिलं येणार, तर मग त्यात माझं हे पण लिहा. तिथं जिल्ह्यातली पोरं कामाला आहेत, त्यांच्या सोयरिकीच्या वेळी पण लोक गुगल करायलेत आजकाल, हसू नका, खरं सांगायलोय.

---

दुधनाकाठ, परतूर

@मोंढा_नाका भाऊ, आमच्या गावात चार जणांनी एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरनं पेरलं. दोघांचं उगवलं, दोघांचं नाही. न उगवलेल्या दोघांची बॅग एकच, लॉट पण एकच. आता सांगा खोली कोणाची चुकली.

@जुनी_वही सर, विशेषणाचं पटलं. हितसंबंधाचं पण पटलं, जरा लागलं पण पटलं. मात्र संदर्भाचं काय? मी शोधलं नाही असं नाही. खंडपीठाच्या बातम्या सापडतात, त्यात कंपनीचं नाव नाही. कंपनीचं नाव असलेल्या बातम्या सापडतात, त्यात नुसतं उद्घाटन, वृक्षारोपण आणि शालेय साहित्य वाटप. आमच्या पंचनाम्याची झेरॉक्स आहे माझ्याकडं, पण ती म्हणे चालत नाही. म्हणजे ज्याच्याकडं जाहिरातीला पैसा त्याचा इतिहास लिहिला जाणार आणि ज्याचं रान मोकळं राहिलं त्याचा नाही, असंच ना?

---

बिंदुसरा, बीड

असंच. मी बारा वर्षं तालुका वार्ताहर होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो, असंच.

आमच्या धंद्याचं गणित लोकांना माहीत नाही. तालुका वार्ताहराला पगार म्हणजे नावाला, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. बियाणे कंपन्यांच्या जाहिराती येतात मे-जूनमध्ये आणि बियाणं उगवत नाही पण जूनमध्येच, आता बसवा मेळ. बातमी द्यायचो आम्ही, नाही असं नाही, पण छापून यायचं 'तालुक्यात सोयाबीन उगवलेच नाही, शेतकरी हवालदिल', कंपनीच्या नावाच्या जागी 'एका नामांकित कंपनीचे'. हे 'एका नामांकित' मी स्वतः हातानं किती वेळा लिहिलंय त्याला मोजदाद नाही. म्हणून दुधनाकाठ भाऊंना नाव सापडत नाही. बातमी आहे, नुसतं नाव नाही.

त्यात २०२० म्हणजे लॉकडाऊनचं साल. पेपरची पानं निम्मी झाली होती, खेड्यात पेपर पोचतच नव्हता, बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याची आवृत्ती एका पानावर आली होती. ज्या साली सगळ्यात जास्त लिहायला पाहिजे होतं त्याच साली लिहायला जागा नव्हती.

आणि पुरवण्यांचं विचारूच नका. 'यशोगाथा', 'कृषिरत्न', 'प्रेरणास्थान', हा मजकूर कंपनीच्या ऑफिसातनंच पेन ड्राइव्हमध्ये यायचा, आम्ही फक्त र्‍हस्वदीर्घ बघायचो, ते पण मूड असला तर. २००९ च्या विधानसभेच्या वेळी नांदेडकडं तर एकमेकांशी स्पर्धा असलेल्या पेपरांत शब्द न शब्द तोच मजकूर एकाच दिवशी छापून आला होता आणि त्याची चर्चा थेट दिल्लीत निवडणूक आयोगापर्यंत गेली. तेव्हा पेपरात आलं म्हणजे संदर्भ झाला असं मानणाऱ्या विकिपीडियावाल्यांनी आधी हे बघावं की त्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलंय का. कधी कधी तर ते पण नसतं. वाढदिवसाची पुरवणी हा संदर्भ नाहीच, ती पावती आहे पैसे मिळाल्याची. ती आधी काढा.

पण भाऊ एक मार्ग आहे. सगळेच पेपर सारखे नसतात आणि सगळेच हंगाम पण. त्या कंपनीची जाहिरात ज्या पेपराला मिळत नव्हती त्याचे अंक बघा 😀 मस्करी नाही. शिवाय कृषी आयुक्तालयाच्या कारवाईची बातमी पुण्याहून निघते, तिथला वार्ताहर जालन्याच्या कंपनीला घाबरत नाही, परवाना निलंबित झाला किंवा विक्रीबंद आदेश निघाला तर तो नावानिशी देतो.

---

अंबाजोगाईची_ग्रंथपाल

उशिरा वाचलं. छान चाललंय, फक्त दोन-तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात त्या सोडवायचा प्रयत्न करते.

दुधनाकाठ दादा, तुम्ही खंडपीठाची बातमी त्या कंपनीच्या पानावर टाकायचा विचार करत असाल तर करू नका. बातमी खरी आहे आणि तुमच्या रानातलं पण खरं आहे, पण त्या बातमीत कंपनीचं नाव नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की तिसरी गोष्ट वाचणारा आपोआप मनात म्हणतो, आणि ती तिसरी गोष्ट कुणीच छापलेली नसते. मूळ संशोधन म्हणतात ते हेच. मी पण नवी होते तेव्हा असंच केलं होतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. मी तो निकाल उत्साहानं तीन-चार कंपन्यांच्या पानांवर नेऊन चिकटवला. पण खटला होता राष्ट्रीय बीज निगमच्या विरुद्धचा, त्या कंपन्यांचा त्यात काही संबंध नव्हता. एका ज्येष्ठ सदस्यानं सगळं काढलं आणि मला ते 'बियाणे कायदा'च्या लेखात लिहायला लावलं. तिथं ते आजही आहे आणि कोणी हात लावत नाही.

त्यामुळं माझं मत असं, की तुम्ही चुकीच्या पानावर भांडताय. तुम्हाला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीच. मोंढा नाकावाले भाऊ काय म्हणाले, सरकारी महामंडळापासून सगळ्यांच्या तक्रारी होत्या. मग २०२० च्या खरिपातल्या सोयाबीन उगवणीच्या तक्रारी ह्या विषयावरच वेगळा लेख करा ना! त्याला संदर्भ भरपूर मिळतील, खंडपीठ, कृषी विभाग, परभणीच्या कृषी विद्यापीठाची मतं, आदल्या वर्षीचा काढणीतला पाऊस, पेरणीची खोली, सगळं त्यात बसतं. भाऊंची बाजू पण बसते. आणि त्यात ज्या ज्या कंपनीचं नाव एखाद्या भरवशाच्या बातमीत आलं असेल तिचं येईल, नसेल आलं तिचं नाही येणार. मग कंपनीच्या पानावरून त्या लेखाला जोड द्यायची का नाही हा प्रश्न आपोआप पुराव्याचा होतो, रागाचा राहत नाही.

वेगळा 'वाद' विभाग काढायची आपल्याकडं फार हौस आहे. तो म्हणजे घरातली सगळी भांडणं एका खोलीत कोंडून दाराला पाटी लावल्यासारखं. येणारा जाणारा तिथंच डोकावतो. जे घडलं ते ज्या साली घडलं तिथंच लिहावं. महिकोचंच उदाहरण घ्या, जालन्याचीच आणि ह्या चर्चेतली नव्हे म्हणून नाव घेते. १९६४ ची स्थापना, संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार, २००२ मध्ये मोन्सॅन्टोबरोबरच्या बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या, कापसाला परवानगी, २०१० मध्ये बीटी वांग्याला केंद्रानं दिलेली स्थगिती, २०१२ मध्ये राज्य सरकारनं रद्द केलेला बीटी कापूस बियाण्याचा विक्री परवाना. हे सगळं एका ओळीत, काळाच्या क्रमानं लिहिता येतं, पुरस्काराला हार घालायची गरज नाही आणि परवान्याला लाल शाई लागत नाही. वाचणारा शहाणा असतो.

तोलाचा प्रश्न मात्र उरतोच. बीटी कापूस आणि शेतकरी आत्महत्या हे घ्या. आपल्याकडं दहातले आठ लोक म्हणतील की बीटीनंच माणसं मेली. २००८ मध्ये इफ्प्री ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं उपलब्ध पुरावे तपासून म्हटलं की बीटीमुळं आत्महत्या वाढल्या असं दिसत नाही, पण काही भागांत, काही वर्षी बीटी कापूस तोट्यात गेला हे पण मान्य केलं. आता लेखात दोन्ही बाजूंना सारखीच जागा द्यायची का? तर नाही. अभ्यासातून जे निघालं त्याला जास्त जागा, आणि लोकांमध्ये असा समज आहे ही पण एक घटना आहे म्हणून तिची नोंद, समज म्हणून. तटस्थ म्हणजे एक वाक्य ह्यांचं, एक वाक्य त्यांचं असं वाटणीपत्र नव्हे.

भीतीबद्दल पण बोलते कारण कुणी बोललं नाही. कंपनी कोर्टात गेली तर? एएनआय ह्या वृत्तसंस्थेनं २०२४ मध्ये स्वतःवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून विकिमीडिया फाउंडेशनवर दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा लावला. पुढं त्या खटल्याबद्दलच एक पान झालं तर कोर्टाच्या आदेशावरून ते पान ऑक्टोबरमध्ये काढावं लागलं, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो पान काढायचा आदेश रद्द केला. सांगायचा हेतू घाबरवायचा नाही. उलट, प्रत्येक वाक्याच्या मागं 'हे अमक्यानं, अमक्या तारखेला छापलंय' एवढं असलं की आपण फक्त निरोप्या असतो. 'फसवलं' लिहिलं की आपण फिर्यादी होतो.

---

जुनी_वही, छत्रपती संभाजीनगर

ताईंनी माझं निम्मं काम केलं. वेगळ्या लेखाची कल्पना एकदम बरोबर, मला सुचायला पाहिजे होती.

कंपनीच्या माणसाबद्दल एक राहिलं. तो आला तर हाकलायचं नाही. त्यानं चर्चा पानावर यावं, ओळख सांगावी, 'हा आकडा चुकीचा आहे, हा घ्या संदर्भ' म्हणावं, दुसऱ्यानं तपासून लेखात घ्यावं. अर्थात त्याचे पण ताप आहेत. बीपी ह्या तेल कंपनीचा माणूस इंग्रजी विकिपीडियावर उघड ओळख सांगून मसुदे द्यायचा, २०१३ मध्ये काही संपादकांनी हिशेब काढला की बीपीच्या पानावरचा ४४ टक्के मजकूर त्यानंच दिलेला. नियम एक पण मोडला नव्हता त्यानं, तरी गदारोळ झाला. झालं असं की तपासणारे आळशी निघाले, मसुदा आला की उचलून डकवायचे. इंग्रजीवर एवढी माणसं असून ही गत, आपला मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनाला सुरू झाला तेव्हापासून माणसांचीच टंचाई आहे, निम्म्या पानांना सांगकाम्यांशिवाय (आपोआप चालणारे बॉट) कोणी शिवत नाही. त्या कंपनीचं पान इतकी वर्षं माहितीपत्रक म्हणून पडून होतं आणि आमच्यापैकी एकाच्या पण डोळ्याला खुपलं नाही, ही चूक त्या एकपानी खात्याची नाही, आमची आहे.

दुधनाकाठ, मसुदा आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करा आणि इथं दुवा द्या.

---

मोंढा_नाका, लातूर

ताई, माझी बाजू बसते म्हणालात ते बरं वाटलं. पण माझा पण संदर्भ लागणार ना, का मी म्हणतो म्हणून चालंल 😄 परभणीच्या विद्यापीठाचं पेरणीच्या खोलीचं घडीपत्रक आहे दुकानात टांगलेलं, फोटो काढून टाकू का?

---

अंबाजोगाईची_ग्रंथपाल

फोटो नको, घडीपत्रकाचं शीर्षक, साल आणि विभागाचं नाव पाठवा. विद्यापीठाचं म्हणजे उत्तमच, फक्त त्यातून 'म्हणून २०२० मध्ये शेतकऱ्यांची चूक होती' असं काढायचं नाही. ते पण मूळ संशोधनच 🙂

---

दुधनाकाठ, परतूर

सगळ्यांचे आभार, काल रात्री बसून थोडं केलं ते सांगतो.

चर्चा पानावर सगळ्यात आधी लिहिलं की माझ्या वडिलांच्या शेतात ह्या कंपनीचं बियाणं उगवलं नव्हतं, तक्रार केलेली आहे, म्हणून मी ह्या लेखात थेट संपादन करणार नाही, सुचवणी फक्त इथं मांडीन. लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोला. त्याच्या खाली तीन सुचवण्या टाकल्या, अग्रगण्य काढा, ध्यास काढा, पुरवणीचा संदर्भ काढा. सकाळी बघतो तर जुनी_वही सरांनीच बहुतेक, तिन्ही काढलेत. लेख साडेपाच ओळींचा राहिला. एकपानी खात्याला संबंधाचा प्रश्न विचारला, अजून उत्तर नाही.

वेगळ्या लेखाचा मसुदा धूळपाटीवर सुरू केलाय, पहिलं वाक्य असं आहे, 'इ.स. २०२० च्या खरीप हंगामात मराठवाडा व विदर्भातील अनेक भागांतून सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी आल्या.' फसवणूक नाही, बोगस नाही. दादांना वाचून दाखवलं तर म्हणाले, एवढंच? म्हटलं एवढंच, सध्या. म्हणाले, आणि आपल्या तीन बॅगा? मला काही बोलता आलं नाही, शेवटी म्हटलं त्याला पेपर लागतो दादा, तर ते उठून माळ्यावर गेले आणि पत्र्याच्या पेटीतनं पावती, बॅगेचा टॅग आणि पंचनामा काढून माझ्यापुढं ठेवला. कसं सांगायचं त्यांना की हे तिन्ही कागद असून नसल्यासारखे आहेत.

@बिंदुसरा भाऊ, तुमच्या ओळखीनं जालन्यात किंवा संभाजीनगरला कुणाकडं त्या महिन्याच्या पेपरांची बांधीव फाइल असंल का? ऑनलाइन आवृत्त्या बघितल्या, जिल्ह्याची पानं सापडंनात.

---

बिंदुसरा, बीड

जालन्यात एका सेवानिवृत्त मास्तरांकडं आहे, ते सगळे अंक ठेवतात, बायकोच्या शिव्या खाऊन. फोन करतो त्यांना. तारीख नेमकी सांगा, त्यांना पूर्ण महिना चाळायला लावलं तर ते मला पण शिव्या देतील.

---

दुधनाकाठ, परतूर

पंचनामा झाला तो आषाढीच्या आधीचा आठवडा. त्या साली पायी वारी निघाली नव्हती, एकादशी १ जुलैला होती, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा धरा. आमच्या मंडळात त्या दिवशी अकरा पंचनामे झाले होते, दोन वार्ताहर आले होते, एकानं फोटो पण काढला होता. दादा बांधावर उभे होते त्यात.

---

बिंदुसरा, बीड

२२ ते ३० जून बघायला सांगतो. नाव छापलेलं असलं तर कात्रणाचा फोटो टाकतो. 'एका नामांकित' असलं तरी टाकतो.